ओळीतला बत्तिसावा

“बाई, एकटीनं डबा खाऊ नगा. त्याची बी सवय लागती. मंग शेजारी कुणी बसलं तरी घास उतरत न्हाई.”

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या धोंडाबाई मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. “अहो मावशी, इथून अंगणवाडीचं दार दिसतं म्हणून बसते खिडकीत.”

खोटं नव्हतं ते. माझी चार वर्षांची चिमी शाळेच्याच आवारातल्या अंगणवाडीत असते. अडीच वर्षांपूर्वी अतुल, माझा नवरा, कामावरून घरी यायला निघाला आणि आला नाही. वाटेतच अपघातात गेला. तेव्हापासून मी मोजते. झोपलेल्या चिमीचे श्वास, दाराच्या कड्या, वर्गातली डोकी.

कार्ल्याच्या अलीकडे, भातखाचरांच्या कडेला आमची शाळा. पाचवी ते सातवी मिळून एकतीस मुलं. मी त्यांना दिवसातून पाच वेळा मोजते, आणि त्यांना ते पाठ झालंय. मी वर्गात शिरले की सहावीतला कैलास मागून ओरडतो, “बाई, एकतीस हायत! बसा आता!”

जुलैतली गोष्ट. पाऊस असा, की समोरचा लेण्यांचा डोंगरच गायब. व्हरांड्यात मुलं खिचडीसाठी ओळीनं बसली होती आणि मी मोजत होते... तीस, एकतीस, बत्तीस.

बत्तीस?

पुन्हा मोजलं. बत्तीसच! कुणाचं तरी मूल चुकून इकडे आलंय, म्हणजे कुणीतरी ते शोधत फिरत असणार... ओळीत खुसखुस सुरू झाली. सातवीच्या तेजलनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. आणि मग दिसलं — कैलासच्या पलीकडे मांडी घालून, पुढ्यात ताटली घेऊन बसलेला एक उंच माणूस. भिजलेले केस, चष्म्यावर वाफ.

“तुम्ही... कोण?”

“अमृत. गणिताला आलोय, दिवाळीपर्यंत.” ते घाईघाईनं उठायला लागले. “मुलं म्हणाली, आधी बसा, नाहीतर खिचडी संपेल.”

“बाई, पट वाढला!” कैलास ओरडला.

मी रागवायला तोंड उघडलं, आणि हसूच बाहेर पडलं. किती दिवसांनी, कुणास ठाऊक.

मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी खिचडी चाखायची आणि चव नोंदवहीत शेरा लिहायचा, असा नियम आहे. एक दिवस मी, एक दिवस अमृत सर. मी वर्षभर एकच शेरा लिहीत आले होते — ‘चव चांगली.’ सरांनी तिसऱ्याच दिवशी लिहिलं, ‘मीठ बरोबर. मात्र खिडकीतला डबा ओळीपासून फार लांब आहे.’

दुसऱ्या दिवशी मी खाली लिहिलं, ‘येथे फक्त खिचडीबद्दल लिहावे.’

‘खिचडी उत्तम. अंतराबद्दलची तक्रार कायम.’

नोंदवही ऑफिसात नेऊन ठेवायचं काम तेजलचं. दुसऱ्या सोमवारी परिपाठात बातम्या वाचायला ती पुढं आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “शाळेची बातमी. सर म्हणतात, बाईंनी ओळीत जेवायला यावं. बाई म्हणतात, नियमात बसत नाही. बातम्या संपल्या.”

एकतीस पोरं हसून आडवी व्हायची बाकी राहिली. सर आभाळाकडे बघत उभे, कान लाल... माझेही असणार.

त्याच तेजलनं निबंधात लिहिलं होतं, ‘आमच्या बाई व्हरांड्यात हसतात तेव्हा सर फळ्यावर चुकतात.’ मी लाल पेन उघडून कितीतरी वेळ बसले. चूक काढावी कशात?

एकदा दुपारी सर खिडकीशी आले. बाहेरच्या बाजूनं, छत्री घेऊन.

“बाई, तुमचा डबा होईपर्यंत मी अंगणवाडीच्या दारावर नजर ठेवली तर चालेल?”

“तुम्ही कशाला?”

“तुम्हाला डब्याकडे बघून जेवता येईल. आज भेंडी आहे ना?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“चिमीनं सांगितलं. आईला भेंडी आवडत नाही, पण आई रोज माझ्या आवडीचीच भाजी करते, म्हणाली.”

त्या दिवशी मी खिडकीकडे पाठ करून जेवले. पहिल्यांदा.

बघता बघता ऑक्टोबर आला. खाचरांतला इंद्रायणी भात पिकला, त्याचा वास वर्गात यायला लागला. सरांचा शेवटचा दिवस उजाडला. त्यांची मूळ शाळा भोरच्या पलीकडे, धरणाच्या पाण्यामागच्या वाडीत. त्यांनी शेरा लिहिला आणि नोंदवही माझ्यापुढं धरली.

‘चव नेहमीसारखी नाही, कारण उद्यापासून मी इथं नाही. बाई, तुम्ही आणि चिमी माझ्या ओळीत याल का?... कायमच्या.’

“खाली तुमचा शेरा हवा,” ते हळूच म्हणाले.

मी अंगणवाडीच्या दाराकडे पाहिलं. चिमी तिथंच खेळत होती. मोजायला एक माणूस वाढलं की हरवायलाही एक वाढतं — डोक्यात तेवढंच होतं. आणि हातानं सवयीनं लिहून टाकलं, ‘चव चांगली.’ खाली सही.

सरांनी वाचलं. चष्मा पुसला. “नियमात बसतंय,” म्हणाले, आणि हसले. तसं हसायला नको होतं त्यांनी.

ते गेल्यावर धोंडाबाईंनी विचारलं, “काय ल्हिलं, बाई?”

“नेहमीचंच.”

त्या नुसतं पातेलं घासत राहिल्या.

दिवाळीनंतर शाळा भरली. एकतीस. पुन्हा मोजलं, एकतीस. एकही मूल कमी नव्हतं, तरी मला एक कमीच भरत होतं. डबा बंद केला, अंगणवाडीतून चिमीला कडेवर घेतलं आणि ओळीत जाऊन बसले. शेजारी एका माणसापुरती जागा सोडलेली.

“सरका की रे.”

“न्हाई बाई,” कैलास म्हणाला, “ती बत्तिसाव्याची हाय.”

त्या दिवशी नोंदवहीत लिहिलं, ‘मीठ बरोबर. ओळीत एक जागा रिकामी. आम्ही दोघी येतो.’ फोटो काढून सरांना पाठवला. आज पाचवा दिवस, अजून एकच टिक. फोन लावला तर रेकॉर्डवरचा आवाज सांगतो, संपर्कक्षेत्राबाहेर. त्या वाडीत रेंज नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मी दर तासाला बघते.

म्हणून तुम्हाला सांगते. भोरच्या पलीकडे, धरणामागच्या वाड्यांकडे जाणं झालंच, तर दुपारच्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात जरा डोकावा. ओळीतली डोकी मोजा. एक जास्त भरतंय का... आणि तो एक नीट जेवतोय का, एवढं माझ्यासाठी बघून या.