टेबल राखणारा

वाढून घेऊन परतले, तेव्हा माझ्या खुर्चीत एक अनोळखी माणूस बसला होता आणि माझ्या अर्ध्या जेवणाचा टेबलावर मागमूसही नव्हता. बुफेचा हा नियम मला एव्हाना पाठ व्हायला हवा होता. एकटीने जेवायचं तर पर्स सोबतच न्यावी लागते. रिकामी खुर्ची दिसली की वेटरला वाटतं, बाई गेल्या. आणि तो तत्परतेने तिचं अस्तित्व पुसून टाकतो.

हॉटेलात एका दूरच्या प्रांताचा खाद्यमहोत्सव चालला होता. थर्माकोलची झोपडी, कागदी झाडं, आणि तो प्रांत नकाशातही न पाहिलेले, रंगीत डगल्यांतले वेटर. त्याच प्रांताच्या इतिहासावर मी अकरा वर्षं घालवली आहेत. त्याचा हा खून मी दुसऱ्यांदा वाढून घेत होते. वहिनीने दिलेलं जेवणाचं कूपन दोघांचं होतं. "वन्सं, कुणाला तरी घेऊन जा हो," ती म्हणाली होती. जणू तो 'कुणीतरी' माझ्या कपाटात घडी घालून ठेवलेला होता.

"ही माझी जागा आहे," मी थंडपणे म्हणाले.

"होती... माझीही तिकडे होती. सूप आणायला गेलो, तेवढ्यात सात जणांचं कुटुंब येऊन बसलं. बसा ना. दोघं दिसलो तर वेटर नाही उठवणार."

तो लिफ्ट दुरुस्त करणारा होता, आणि मूळचा त्याच प्रांतातला. घरची आठवण आली म्हणून आला होता.

"मग? मिळाली घरची चव?"

"आमच्याकडे असलं काही शिजतच नाही," तो कुजबुजला. "आईने पाहिलं तर रडेल हो. पण गोड बरंय... जा, घेऊन या. मी टेबल राखतो."

मी गेले — कित्येक वर्षांत प्रथमच पर्स खुर्चीवर ठेवून. परतले, तर तो तिच्याकडे अशी नजर रोखून बसला होता, की जणू ती पळूनच जाणार होती. मग तो गेला, मी राखलं. पुन्हा मी. पुन्हा तो. तासाभराने ध्यानात आलं, की आम्ही एकही घास सोबत खाल्लेला नव्हता. एकटेपणाचीच ही अधिक शिस्तबद्ध आवृत्ती होती.

"तुमची पाळी," तो म्हणाला.

मी उठले नाही. आयुष्यभर वाचलेल्या ग्रंथांत मला हवं ते साधं वाक्य कुठेच नव्हतं.

"तुम्हीही... चला ना."

"अहो, टेबल जाईल!"

"जाऊ दे."

गेलंच. मग आम्ही खिडकीपाशी उभ्यानेच जेवलो. गर्दीत कोपराला कोपर लागत होतं. पुढे गर्दी ओसरली, तरी कुणीच सरकलं नाही.

"उद्या याल?" त्याने ताटलीकडे पाहत विचारलं.

"आज शेवटचा दिवस. उद्या महोत्सव नाही."

"पण भूक... ती तर लागेल ना?"

या युक्तिवादात दोष काढण्याचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. सापडला नाही.

"किती वाजता?" मी विचारलं.