पोचल्याचा फोन

चौऱ्याण्णव दिवस. माझा फायदा म्हणाल तर एवढाच होता. तीस वर्षांत न घेतलेली रजा साठत साठत तिथवर गेली होती आणि निवृत्तीआधी घेतली नाही तर बुडणार होती. बुडू देईन तर मी कसला! साहेब म्हणाले, "आता घरी बसा आणि पाहिलेलं जग आठवा." साहेबांना वाटतं मी जग पाहिलंय.

मी बंदरांवरच्या क्रेन तपासतो. ठरलेल्या भाराच्या सव्वापट वजन टांगायचं, दांडा किती वाकतो ते मोजायचं, वजन काढल्यावर पुन्हा सरळ होतो का ते पाहायचं, सही करायची. अडतीस देश झाले. अडतीसही ठिकाणी गंज, ग्रीस आणि खारा वारा. बायको म्हणायची, "एवढं जग फिरलात आणि आणलंत काय, तर शर्टाला डाग."

तिची एक पद्धत होती. स्वयंपाकघरात दोन घड्याळं: एक इथलं, दुसरं माझं. विमानातून उतरलो की मी फोन करायचो, "पोचलो." ती म्हणायची, "थांबा हं, तुमची वेळ लावते." मग फोनमधून फरशीवर स्टूल ओढल्याचा आवाज यायचा आणि एक पाय आखूड असल्यामुळे शेवटी एक ठोका. तो ऐकला की मी फोन ठेवायचो.

ती गेली त्याला चौदा महिने झाले. मी तेव्हा एकसष्टाव्या दौऱ्यावर होतो. परत आल्यावर दोन्ही घड्याळं मीच सारखी केली.

रजेच्या पहिल्या सकाळी माझं घड्याळ तीन तास पुढे होतं. सेल बदलला, काटे नीट लावले. दुसऱ्या सकाळी पाच तास मागे. तसंच उचलून घड्याळवाल्याकडे नेलं. त्यानं डोळ्याला भिंग लावून तासभर ते उलटसुलट केलं. "सेकंदाचाही फरक पडत नाही, काका. घड्याळ उत्तम आहे. फक्त इथलं नाही," म्हणाला आणि स्वतःच हसला.

चौथ्या दिवशी मी कपाटातून दौऱ्यांची वही काढली. पहिली ओळ, पहिला दौरा: तीन तास पुढे. दुसरी: पाच मागे. तिसरी, चौथीही तशीच. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, मोजमापावर आहे. आणि मोजमाप जुळत होतं. रोज सकाळी आठच्या सुमाराला, मी आंघोळीला गेलो की, एक ओळ पुढे. स्टूल मी मुद्दाम खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून जायचो. बाहेर येईपर्यंत ते घड्याळाखाली आलेलं असायचं.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं. माणसं रजा काढून जग फिरतात, मी चहाचा कप घेऊन स्टूलासमोर बसून फिरत होतो. पण आठवायचं म्हटलं तर काय? एका बंदरावर एक कुत्रं माझ्या हेल्मेटमध्ये झोपलं होतं. एके ठिकाणी फोन लागेना म्हणून मी तासभर चालत गेलो होतो, नुसतं "पोचलो" म्हणायला. बाकी कुठलाही देश आठवा, दिसायची तीच, स्टूलावर चढून काटे फिरवणारी.

वही शेवटाकडे आली तशी माझी झोप उडाली.

कारण शेवटची ओळ खोटी होती. अकरा दिवस, बंदर, दोन तास मागे, असं मी लिहिलं होतं. काम आठ दिवसांत संपलं होतं. ती आजारी होती, पण डॉक्टर महिन्यांची भाषा बोलत होते, दिवसांची नव्हे. जवळच एक बेट होतं. मी तिला फोनवर सांगितलं, "काम लांबलंय गं," आणि तीन दिवस बूट काढून समुद्राकडे बघत बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच. बेटावरची वेळ आणखी एक तास मागे होती.

तिसऱ्या दिवशी ती गेली.

तिला कळलं होतं का? कळलं नसावं, एवढंच मी चौदा महिने मागत होतो.

एकसष्टाव्या सकाळी घड्याळ दोन तास मागे होतं. बंदराची वेळ. मी खुर्चीत बसून पोटभर रडलो. सुटलो.

दुसऱ्या दिवशी काटे तसेच. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही. वही संपली होती, घड्याळ आणखी जाणार कुठे? मी वर बघायचंही सोडून दिलं. नवव्या दिवशी लेकीला जेवायला बोलावलं. शेवटच्या आठवड्यात आईपाशी तीच होती.

"स्वयंपाक तुम्ही करणार? मग मी जेवूनच येते," म्हणाली. पण उपाशीच आली.

वाढता वाढता तिची नजर भिंतीवर गेली.

"बाबा, हे तुम्ही लावलंत?"

तीन तास मागे.

"आई हेच सांगत होती," ती म्हणाली. हातातला चमचा तसाच राहिला. "शेवटचे तीन दिवस. 'बाबांचं घड्याळ एक तास मागे घे' म्हणायची. मी म्हटलं, अगं, ते बंदरावरच आहेत अजून. तर म्हणाली, 'नाही गं, निघाले ते तिथून. पोचल्याचा फोन करायचा राहिला असेल.'"

"मग?"

"मी नाही चढले स्टूलावर. वाटलं, तिला भ्रम झालाय. हात जोडत होती हो, बाबा." ती माझ्याकडे वळली. "कुठे होतात तुम्ही?"

सव्वापट वजन.

"बेटावर."

तिनं हात धुतले, भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, चालू होतं तसंच पिशवीत घातलं आणि गेली.

हिशेब असा. तीन दिवस मी घेतले. ते आधी बायकोनं भरले, भिंतीकडे डोळे लावून. आता लेक भरते आहे. रोज सकाळी आठला तिचा फोन येतो.

"कुठे आहात?"

"घरीच."

"खरंच?"

"खरंच गं."

मग तिच्या मागून फरशीवर स्टूल ओढल्याचा आवाज येतो. शेवटी एक ठोका.

तिच्या घरात स्टूल नाही. ते इथेच आहे, माझ्यासमोर.