रेवडीसाठी मांडलेलं पीठ

तुम्ही हसाल. हसा. पण हे खरंच घडलेलं आहे. जिनं डोळ्यांनी पाहिलं त्या मुक्ताबाईनं गावदेवीची शपथ घेऊन सांगितलंय.

साल एकोणीसशे एक्काहत्तर. अकोले तालुक्यातलं डोंगराकडचं एक गाव. भात कापून झालं होतं, थंडी पडली होती.

राहीबाईला मूलबाळ नव्हतं, नवरा कधीच गेलेला. तिचा सगळा जीव रेवडीत. रेवडी म्हणजे तिची पांढरी मांजरी. शेजारी राहणारी धाकटी जाऊ मुक्ताबाई चिडवायची, "आक्का, आता हिचं लगीन लावून दे."

त्या दिवशी सकाळी रेवडी धडधाकट होती. दुपारी तिनं दुधाला तोंड लावलं नाही.

मग ती ओकायला लागली.

आधी पिवळा फेस. मग केसांचे बुळबुळीत गोळे. आंबूस, कुजकट वास घरभर पसरला. मुक्ताबाईनं नाकाला पदर लावला. राहीबाई मात्र ती घाण स्वतःच्या पदरानं पुसत राहिली. दिवेलागणीच्या आत रेवडी गेली.

बांधाला खड्डा खणून, मीठ टाकून तिला पुरलं. घरातली जमीन शेणानं सारवली.

तरी वास होताच...

राहीबाईनं तांदळाचं पीठ काढलं. घरात माणूस गेलं की त्या जागी रात्री पीठ पसरतात, वर बांबूची पाटी पालथी घालतात. सकाळी पिठात जे पाऊल उमटेल, त्या जन्माला जीव गेला असं समजतात.

"मांजराला कुनी पीठ मांडतं व्हय?" मुक्ताबाई म्हणाली. "नको आक्का. मानसाचं हाय ते."

"लेक हुती माझी. कुठं गेली ते कळलं तरच मला निरोप देता येईल. न्हाई तर मी तिची वाटच बघत बसन."

उंदीर शिरू नयेत म्हणून दोघींनी मिळून दगडी पाटा उचलला आणि पाटीवर ठेवला. मुक्ताबाई सोबतीला तिथंच निजली.

मध्येच तिला जाग आली.

चप्... चप्... चप्...

पाटीच्या बाजूनं चाटल्याचा आवाज येत होता. तिनं शेजारी हात फिरवला.

राहीबाईचं अंथरूण रिकामं होतं...

मुक्ताबाईनं घोंगडी डोक्यावरून ओढली. उठायची तिची छाती झाली नाही.

उजाडलं तेव्हा राहीबाई शेजारी गाढ झोपलेली. पाटा पाटीवर जसाच्या तसा.

दोघींनी तो उतरवला. पाटी उचलली.

पीठ चाटूनपुसून नेलेलं होतं. खालचं सारवणसुद्धा खरवडलेलं, ओलं. मधोमध पिवळ्या फेसात केसांचा एक गोळा... अजून कोमट होता.

कडेला थोडं पीठ उरलं होतं. त्यात ठसा उमटला होता. पंजाचा नव्हे. हाताचा.

राहीबाईनं आपला हात त्यावर ठेवला.

तो बरोबर बसला.

"आक्का," मुक्ताबाई हळूच म्हणाली, "तोंड उघड."

जिभेवर पीठ आणि शेणाचा थर होता. दातांच्या फटीत पांढरे केस...

राहीबाई तिथंच ओकली.

पिवळा फेस.

त्यानंतर राहीबाई बरीच वर्षं जगली. दिवसभर ओट्यावर बसून राखुंडीनं दात घासायची, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत. एकदा मुक्ताबाईनं विचारलं, "आक्का, रेवडीची याद येती का गं?"

राहीबाईनं चूळ थुंकली.

"याद कशाची? ती गेलीच न्हाई. हितं तोंडात हाय माझ्या." तिनं पुन्हा राखुंडीत बोट बुडवलं. "लई जीव हुता गं तिच्यावर. आता शिसारी येती तिची. आन् भाईर काढता येत न्हाई."

मुक्ताबाईनं हे सगळं आपल्या घरातल्या सारवलेल्या जमिनीवर बसूनच आम्हाला सांगितलं. सांगून झाल्यावर जेवून जा म्हणाली. आमच्यातलं कुणी जेवलं नाही.