एक पानही नको

"मॅडम, माझं पहिलंच लग्न मोडायला आलंय."

मदतनीस केशवरावांनी कळवळून पाण्याचा पेला पुढे केला.

"तुमचं स्वतःचं?" माहेनूरबाईंनी विचारलं.

"नाही. मी मांडलेलं."

कापसाने दगा दिलेल्या त्या वर्षांत वऱ्हाडातली लग्नं आखडली होती. अशा वेळी दामिनीने अमरावतीत लग्ननियोजनाचं काम सुरू केलं, तेव्हा लोक हसले. तिचा हिशेब सरळ होता. लग्न लहान झालं की चुकीला जागा उरत नाही, म्हणून नियोजन जास्त लागतं. बियाणं-तपासणीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन खासगी तपासाकडे वळलेल्या माहेनूरबाईंना हा हिशेब पटला.

अकोल्याच्या भगवंतरावांच्या मुलीचा साखरपुडा आदल्या दिवशी झाला होता. त्याच सकाळी कोणा बाईने आचाऱ्याला फोन केला. मुलाची पुण्याची मावशी रुख्मिणी बोलतेय असं सांगून तिने पाहुण्यांचा नाश्ता बंद करवला. पाहुणे उपाशीपोटी आले आणि मुलाच्या आजोबांना भोवळ आली.

"मावशींचा माझ्या नेमणुकीला विरोधच होता," दामिनी म्हणाली. "त्या मात्र फोन केलाच नाही म्हणतात. आता सगळे म्हणतात, घोळ मीच घातला. आज उलगडा झाला नाही, तर लग्नाचं काम माझ्याकडून जाईल. मग मला कोण बोलावणार?"

"आचाऱ्याचा नंबर कोणाकडे होता?"

"आचारी मी अमरावतीहून नेला होता. नंबर फक्त भगवंतरावांच्या घरी आणि रुख्मिणीबाईंकडे. घरात बायका दोनच, नवरी मुलगी आणि भगवंतरावांची बहीण, मैनाबाई. फोन आला तेव्हा नवरी माझ्यासमोर साड्या पाहत होती."

आचारी अब्दुल सत्तार आधी भेटला.

"खसखस, खोबरं, हरा धनिया, जेवणातल्या पुडाच्या वडीची सारी तयारी होती, मॅडम. तेवढ्यात फोन. 'नाश्ता करू नका, मंडळी खाऊन निघतील. आणि जेवणात सांबार नको, आमच्या माणसांना त्याचा वास सहन होत नाही.' एकदम छापील बोली!"

"शब्द हेच?"

"हेच. म्या पुन्हा विचारलं, काहीच नको? बोली, एक पानही नको."

"झालं!" केशवराव उठलेच. "छापील बोली म्हंजे पुण्याचीच बाई. आता काहून थांबून राहिलो आपण?"

"अजून दोघींना ऐकायचं आहे, म्हणून."

अकोल्याला पोहोचल्यावर माहेनूरबाईंनी रुख्मिणीबाईंना फोन लावला. त्या तडकून म्हणाल्या, "माझेच वडील उपाशी राहावेत म्हणून मी फोन करीन? आणि ती वडी! कोथिंबिरीशिवाय पुडाची वडी कोणी करतं का? नियोजन म्हणे!"

मैनाबाई निवृत्त शिक्षिका होत्या. घरातली सगळी लग्नं आजवर त्यांनीच उभी केली होती.

"बाई, आमाले फक्त इतकंच सांगा," केशवरावांनी सुरुवात केली.

"'आम्हाला' म्हणा." मैनाबाईंनी चष्मा सारखा केला. "घरच्या लेकीचं लग्न भाड्याच्या माणसाकडून मांडलं, की असंच व्हायचं."

संध्याकाळी भगवंतरावांच्या बैठकीत सगळे जमले.

"केशवराव," माहेनूरबाईंनी विचारलं, "वडीत घालतात तो सांबार म्हणजे काय?"

"सांबार म्हंजे सांबार! हिरवा पाला. बाजारात जुडी भेटते."

"वऱ्हाडात भेटते. पुण्यात शिकत असताना मी मंडईत सांबार मागितला, तर भाजीवालीने समोरचं इडलीचं हॉटेल दाखवलं. तिथे सांबार म्हणजे वाटीतली आमटी. आमटीला पान नसतं, आणि फोनवरची बाई तर सांबाराचं 'एक पानही नको' म्हणाली."

केशवरावांचं तोंड उघडंच राहिलं. जन्मभर जो शब्द जेवणात आला, तो कानाला खटकावा कसा?

"शब्द आचाऱ्याचा असू शकतो," भगवंतराव म्हणाले.

"ती शंका रास्त आहे. पण त्याच पाल्याला सत्तारभाई स्वतः हरा धनिया म्हणतात, आणि रुख्मिणीबाई कोथिंबीर म्हणतात. तेव्हा सांबार फोनवरून आला. बोलणारी बाई छापील बोलणारी, पण वऱ्हाडची. नंबर या घरातला. नवरी दामिनीसमोर होती." त्या मैनाबाईंकडे वळल्या. "तुम्ही जन्मभर 'आमाले'चं 'आम्हाला' केलंत, बाई. सांबार मात्र तुमच्या हातून सुटला. जी चूक चूक वाटत नाही, ती कोण दुरुस्त करणार?"

मैनाबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"म्हाताऱ्याले भोवळ येईल, हे मले वाटलं नव्हतं," मैनाबाई हळूच म्हणाल्या. बोली कधी बदलली, ते त्यांनाही कळलं नसावं. "मले कोणी इचारलंच नाही, दादा. पोरीले म्या वाढवलं, अन् मांडव कोणाच्या हाती दिला, ते मले पत्रिकेवरून समजलं."

भगवंतरावांनी मान खाली घातली. मग ते दामिनीकडे वळले. "काम तुझंच आहे, पोरी. फक्त पुण्याला हे सांगू नको. घरची अब्रू जाईल."

दामिनीचा चेहरा उतरला. पुण्याला कळलं नाही, तर दोष तिच्याच माथी राहणार होता.

"झाल्या गैरसोयीची माफी मी मागीन, काका," ती म्हणाली. "ते माझं काम आहे. पण घोळ माझा होता, असं मी म्हणणार नाही."

तिने फोनकडे हात नेला. त्याआधीच मैनाबाईंनी रिसीव्हर उचलला होता. भगवंतराव "मैना!" म्हणाले, पण त्यांनी वळून पाहिलं नाही.

पलीकडून रुख्मिणीबाईंचा आवाज आला, तेव्हा मैनाबाईंनी सगळ्यात आधी स्वतःचं नाव सांगितलं.