उखाच्या घरची घागर

तो ट्रान्झिस्टर बंद करा आधी. ऐकायचं तर नीट ऐका, नाहीतर झोपा जाऊन.

आपल्या बमरोलीतलाच उखा. मागच्या ओळीत राहायचा, एका शेठकडे स्वयंपाकाला होता. एकाहत्तर साली शेठ निघाला आफ्रिकेला, जनावरं बघायला. दुसऱ्याच्या हातचं खात नव्हता, म्हणून उखाला सोबत घेतलं. उखाची बायको सुंदरा तेव्हा तापाने पडलेली. तरी म्हणाली, "जा तुम्ही. महिन्याचं तर काम. आल्यावर सगळं सांगा मला. सिंहाचं आधी."

उखाने पाहिलं बरंच काही. हत्तींचे कळप, झाडाचा शेंडा ओरबाडणारे जिराफ. हालही तेवढेच. जीप चिखलात रुतायची, शेठ ओकायचा, अन् रात्री तंबूबाहेर काहीतरी हुंगत फिरायचं. महिना संपला, सिंह काही दिसेना. शेठ हटून बसला, बघितल्याशिवाय हलत नाही. दोन महिने गेले. शेवटी सिंह आला, तेव्हा शेठ जीपमध्ये घोरत पडलेला. उखाने एकट्यानेच पाहिला. मनात म्हणाला, हे सुंदराला सांगायचं.

बोटीने मुंबई, मग गाडीने सुरतेजवळचं आपलं उधना. उतरला ती आखाजीची, अक्षय्य तृतीयेची रात्र. चांदकोर केव्हाच बुडालेली. पायीच घरी आला. शेजारच्या खोलीबाहेर थोरला भाऊ राघो खाटेवर झोपला होता. गिरणीतून दमून आलेल्याला कशाला उठवा, म्हणून उखाने हळूच आपल्या दाराची कडी काढली.

सुंदरा चुलीपाशी बसली होती. अंधारात.

"दिवा नाही लावला?"

"डोळ्यांना नको वाटतो. बसा. सिंहाचं सांगा."

त्याने सांगितलं. शेठच्या घोरण्याला ती हसली, तोंडाला पदर लावून. उखाला बरं वाटलं. ताप उतरला म्हणायचा.

बोलून बोलून घसा सुकला. डोळे अंधाराला सरावले तशी कोपऱ्यात घागर दिसली, वर डांगराचं फळ ठेवलेलं. आखाजीला आपण मेलेल्या माणसाच्या नावाने भरतो ती. वर्षाची तहान त्यावर भागते त्याची. उखाला वाटलं, मायची असेल, दरवर्षीसारखी. मायचं पाणी लेकाने प्यालं तर माय रागावते का? डांगर बाजूला केलं. घागर तोंडाला लावली. निम्मी संपवली.

"पिऊ नका..."

"मायचं तर आहे."

"मायची घागर राघोदादांकडे भरली."

"मग ही कुणाची?"

तिने पदर पुढे ओढला.

"सुंदरा... कुणाची ही?"

चुलीपाशी कोणी नव्हतं. राख थंड.

उखाची हाक ऐकून राघो धावत आला. त्याला पोटाशी धरलं. म्हणाला, "महिना झाला रे तिला जाऊन. शेठच्या पेढीवर गेलो होतो तुला कळवायला. मुनीम म्हणाला, जंगलात तार कुठे पोचते."

उखा रडला नाही. बादली घेऊन विहिरीवर गेला. घागर काठोकाठ भरली, डांगर होतं तसं वर ठेवलं. दारात बसून राहिला. "तिचं पाणी मी प्यालो," एवढंच म्हणत होता.

उजाडल्यावर आम्ही सगळे गेलो. डांगर जागच्या जागी. मी स्वतः उचललं ते, आत हात घातला. नवी घागर पाझरते, हे मला शिकवू नका. खालची जमीन कोरडी होती.

आत थेंब नव्हता.