गर्भशेष

पेशीवेचक यंत्राच्या पडद्यावर हिरवे ठिपके उमटले, तशी हेमांगी खुर्चीतून अर्धी उठलीच.

"ही माझी स्वरदा?"

"तिच्याच पेशी," डॉ. तुंगारे म्हणाल्या. "पोटातल्या बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि वर्षानुवर्षं तिच्या अस्थिमज्जेत तग धरतात. त्यांना आम्ही गर्भशेष म्हणतो. स्वरदाची मज्जा आजाराने निकामी झाली, पण नऊ वर्षांपूर्वीच्या तिच्या निरोगी पेशी तुमच्याकडे शाबूत आहेत. त्या वाढवून परत दिल्या, तर ती वाचेल. मात्र एकूण एक वेचाव्या लागतील. तुमच्यात तिचं काही उरणार नाही."

खुल्या दत्तकाच्या करारानुसार हेमांगीला वर्षातून दोनदा लेकीला भेटता येई. स्वरदा तिला हेमाआई म्हणे आणि जिने वाढवलं त्या नीलाक्षीला नुसतं आई. प्रत्येक भेटीनंतर दोन दिवस हेमांगीला जेवण जात नसे. तरी तिने एकही भेट चुकवली नव्हती. लेक दिली, टाकली नाही, हे ती भल्याभल्यांना ठणकावून सांगे.

"घ्या सगळ्या," ती म्हणाली.

बाहेर बाकावर तिची आई, कुमुदिनीबाई, बसली होती. 'एकदा दिलं ना? मग कशाला उकरून काढतेस?' असा तिने सकाळपासून धोशा लावला होता.

"आणखी एक," डॉक्टर अडखळल्या. "हे निळे ठिपके पुरुषाच्या पेशींचे आहेत. तुम्हाला आधी मुलगा झाला होता?"

"छे हो! स्वरदा एकटीच. आणि मीही आईची एकुलती एक."

"मग त्या तुम्हाला आईच्या पोटात असताना मिळाल्या. तुमच्याआधीच्या बाळाचे गर्भशेष त्यांच्यात होते, तेच तुमच्यात उतरले. जनुकं स्पष्ट सांगताहेत, तुमची आणि त्याची आई एकच, वडील वेगळे."

हेमांगी बाहेर आली आणि आईला खेटून बसली.

"आई, माझ्याआधीच्या त्या मुलाचं नाव काय ठेवलं होतंस?"

कुमुदिनीबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. नाही म्हणायला तोंड उघडलं, तर हुंदकाच फुटला.

"ठेवू दिलं नाही गं. तोंडसुद्धा पाहू दिलं नाही. छत्तीस वर्षं झाली. तुला कुणी सांगितलं?"

"त्यानेच," हेमांगी म्हणाली. "माझ्यात आहे तो. त्याची जनुकं हाती लागलीत, आता शोधता येईल. आधी स्वरदा बरी होऊ दे."

आईचे डोळे पदराने पुसून ती संमतीपत्रावर सही करायला आत गेली.