छावणीतली उघडी खिडकी

"खिडकी माझी! मी कालच सांगून ठेवलं होतं!"

"कुणाला सांगितलं होतंस? खिडकीला?"

टकळी आणि नाटक्या ही आत्याची मुलं, सख्खी भावंडं, बसची पायरी चढता चढताच हमरीतुमरीवर आली. आत्याने दोघांच्या बखोट्याला धरून त्यांना एकाच बाकावर कोंबलं, स्वतः शेजारणीजवळ बसली आणि मागे वळून म्हणाली, "तू बस गं कुठेतरी."

'कुठेतरी' हा शब्द घुमीला या सुट्टीत पाठ झाला होता. बॅग ठेव कुठेतरी, अंथरूण घाल कुठेतरी. आत्या काही वाईट नव्हती. पण घर लहान, कामं ढीगभर, आणि त्यात सुट्टीभरासाठी आलेली ही भाची. घुमीची आई नर्स होती. तिला प्रशिक्षणासाठी दूरच्या शहरात पाठवलं होतं. बाबा सैन्यात शिपाई. तेही दूर, जिथे फोन लागला तर लागला अशा एका चौकीवर. घुमी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पहिल्याच दिवशी टकळीने अर्धा तास बडबड केली आणि समोरून नुसतं "हं" आलं, तेव्हा तिनेच ते नाव ठेवून टाकलं.

घुमी सर्वांत मागच्या बाकावर जाऊन बसली.

आजचा दिवस साधासुधा नव्हता. गावाबाहेरच्या टेकडीवर सैन्याची छावणी होती. गावातल्या लोकांना तिची उंच भिंत माहीत होती, पहाटेचा बिगुल माहीत होता, पण आत काय आहे ते कोणीच पाहिलं नव्हतं. आज पहिल्यांदाच सामान्य नागरिकांना आत नेऊन छावणी दाखवणार होते.

"बाळ, इथे कोणी बसलंय का?"

पांढऱ्याशुभ्र केसांच्या, काठी टेकत आलेल्या एक आजी विचारत होत्या. घुमीने मान हलवली.

"मोठ्याने बोल गं. मला ऐकू कमी येतं."

"नाही! बसा!" घुमी ओरडली. पुढचे चार-पाच जण वळून बघायला लागले. घुमी लाजून चूर झाली. आजी मात्र खूश होऊन शेजारी बसल्या. त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"दमा आहे," त्या म्हणाल्या. "पण आज यायचंच होतं. माझा मुलगा होता ना आत. शिपाई."

घुमी त्यांच्याकडे वळून बसली.

"मी गेटपर्यंत यायची. तो गेटवरच भेटायचा. सांगायचा, आई, माझ्या खाटेशेजारी खिडकी आहे. तिच्यातून पाण्याची टाकी दिसते, टाकीवर घारी बसतात. मी म्हणायची, दाखव तरी एकदा. तर म्हणायचा, बाहेरच्यांना आत सोडत नाहीत."

"मग?" घुमीने कानाशी जाऊन विचारलं.

"मग लढाईवर गेला. परत आला नाही." आजींनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "तुझं कोण आहे सैन्यात?"

"बाबा!"

"अगंबाई! मग तू त्यांची खाट पाहिली असशील!"

घुमीने नकारार्थी मान हलवली. बाबा रजेवर घरी आले की विनोद सांगायचे, तिची गणितं तपासायचे, नळ दुरुस्त करायचे. पण घरात नसताना ते कुठे असतात, कशावर झोपतात, हे तिला कधी दिसलंच नव्हतं. डोळे मिटून बघायला जावं तर बाबांभोवती नुसतं कोऱ्या कागदासारखं पांढरं पांढरंच यायचं.

गेट उघडलं. बस आत गेली.

"रांग मोडायची नाही! कशाला हात लावायचा नाही! प्रश्न शेवटी!" भरघोस मिशांच्या हवालदारकाकांनी दारातच दम भरला आणि सगळ्यांची मुंडकी मोजून घेतली.

मग काय विचारता! एका माणसाला आत उभं राहून आंघोळ करता येईल एवढी स्वयंपाकाची पातेली पाहिली. चिखलातून रांगत जायच्या तारांच्या जाळ्या पाहिल्या. नाटक्याने हात लावायचा नाही असं बजावलेलंच शिरस्त्राण डोक्यात घातलं आणि ते नाकापर्यंत खाली आलं.

"अंधार पडला! रात्र झाली! मला घरी न्या!" तो आतून ओरडला. सगळे खो खो हसले. घुमीही हसली, पण तिच्या हसण्याकडे बघून हसणारं कोणी नव्हतं, म्हणून ते लगेच विझलं.

आजी हवालदारकाकांना गाठून विचारत होत्या, "जुन्या बराकी कुठे आहेत हो?"

"पाडल्या त्या! एकच उरलीय, मैदानापलीकडे. प्रश्न शेवटी, आजी!"

आजींना काही ऐकू आलं नाही. त्यांनी घुमीकडे पाहिलं. घुमीने त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "एकच उरलीय! मैदानापलीकडे!"

"एक उरलीय?" आजींचा चेहरा एकदम उजळला.

शेवटी सगळ्यांना मैदानाच्या काठावर मांडवात बसवलं. समोर दोर बांधला होता. पलीकडे एक लांबलचक, बैठं, रंग उडालेलं घर होतं. त्याच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या.

"झोपाळू दिसतंय घर. डोळे गच्च मिटून पडलंय," नाटक्या म्हणाला.

लाउडस्पीकरवरून घोषणा झाली : "थोड्याच वेळात आमचे जवान शत्रूच्या घरावर हल्ला कसा करतात ते आपण पाहणार आहात! सुरुवातीला घरात धुराचे गोळे टाकले जातील. घाबरू नये!"

घुमीने शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून ठेवला होता. आजींसाठी. खुर्ची रिकामीच होती. घुमीने पुढे पाहिलं, मागे पाहिलं. पांढरे केस कुठेच दिसेनात. ती उठून आत्याकडे गेली.

"आत्या, माझ्याजवळ बसलेल्या आजी नाहीयेत."

"असतील गं इथेच. बस खाली, लोकांना दिसत नाही!"

मग ती हवालदारकाकांकडे गेली.

"मोजणी झालीय!" ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "जितके बसमधून उतरले तितके मांडवात आहेत. एक कमी नाही, एक जास्त नाही. माझी मोजणी आजवर चुकली नाही. जा, बस!"

घुमी तिथेच उभी राहिली. मोजणी बरोबर आणि आजी मात्र नाहीत! असं कसं?

"काय झालं गं? तू आणि चक्क दोघांशी बोललीस?" टकळी जवळ आली. घुमीने सगळं सांगितलं. एवढं सलग ती या सुट्टीत पहिल्यांदाच बोलली होती. टकळी ऐकता ऐकता मांडवभर नजर फिरवत होती. एकदम तिने घुमीचा दंडच धरला.

"तो बघ! शेवटच्या रांगेत शेंगदाणे खात बसलाय तो!"

"कोण?"

"अगं, आपल्या बसचा ड्रायव्हर! तो मघाशी बसमध्येच झोपला होता. आता मजा बघायला आलाय. हवालदारकाकांनी त्यालाही मोजलं!"

"म्हणजे एक वाढला आणि एक कमी झालं," घुमी पुटपुटली. "मोजणी तेवढीच भरली!"

"अरे, हे काय?" नाटक्याचा आवाज आला. मांडवाच्या कडेला मुलांना बघण्यासाठी मोठी दुर्बीण ठेवली होती. तिला तो गोचिडासारखा चिकटला होता. "झोपाळू घराने एक डोळा उघडलाय!"

"म्हणजे?"

"एक खिडकी उघडी आहे! मघाशी सगळ्या बंद होत्या की नाही?"

"वाऱ्याने उघडली असेल," टकळी म्हणाली.

"वारा कुठाय? तुझ्या वेणीची रिबीनसुद्धा हलत नाहीये!"

घुमीने दुर्बिणीला डोळा लावला. आत काही दिसत नव्हतं, नुसता अंधार. पण त्या खिडकीतून कोणी बाहेर बघितलं तर त्याला काय दिसेल? ती गर्रकन मागे वळली. मांडवाच्या मागे उंच खांबांवर पाण्याची टाकी उभी होती. टाकीच्या काठावर ओळीने घारी बसल्या होत्या.

तिने टकळीचा हात घट्ट धरला.

"आजी त्या घरात आहेत," ती म्हणाली. "त्यांना दमा आहे. आणि ऐकूही येत नाही. घोषणा त्यांच्या कानावर गेलीच नसेल. आणि ती जुनी बराक कुठे उरलीय हे... मीच सांगितलं त्यांना."

तिघंही हवालदारकाकांकडे धावली.

"घर सकाळीच तपासलंय!" काका वैतागले. "कुलूप नाही, पण आत चिटपाखरू नाही. आणि शिट्टी आता वाजेलच. दोराच्या आत कोणी पाऊल टाकलं तर याद राखा!"

मैदानात झुडपांआड जवान पोटावर पडून सरकत होते. उंच, सडपातळ अधिकारी शिट्टी हातात घेऊन उभे होते. तेच छावणीचे मुख्य, कमांडंटसाहेब. पण त्यांच्यापर्यंत पोचायला अख्खं मैदान ओलांडायला हवं होतं. आणि लाउडस्पीकरवर धडाधड संगीत वाजत होतं. नुसतं ओरडून काही उपयोग नव्हता.

"माईक!" टकळी म्हणाली.

माईक एका टेबलावर होता आणि टेबलामागे घोषणा करणारे जाडजूड सुभेदार ठाण मांडून बसले होते.

नाटक्याने सदरा सारखा केला. "मी पडतो."

"कुठे?"

"कुठे काय? खाली! बेशुद्ध! सुभेदार उठले की टकळी, तू बोल. बडबडीचा एकदा तरी उपयोग होऊ दे!"

आणि खरंच तो टेबलापुढे गेला, कपाळाला हात लावला, दोनदा झोकांडला आणि धाडकन असा कोसळला की पुढच्या रांगेतल्या बायका किंचाळल्याच.

"अगं बाई, माझं पोर!" आत्या धावली. सुभेदारही "पाणी आणा, पाणी!" करत उठले. हवालदारकाका धावले. टकळीने टेबलावरचा माईक उचलला, खटका दाबला. संगीत थांबलं. लाउडस्पीकरमधून तिचा श्वास मैदानभर घुमला...

आणि टकळीच्या तोंडून शब्दच फुटेना! सगळा मांडव तिच्याकडे बघत होता. तिचे ओठ हलले, डोळे विस्फारले. टकळीची टकळी जन्मात पहिल्यांदा बंद पडली होती!

तिकडे कमांडंटसाहेबांनी शिट्टी ओठांना लावली. टकळीने माईक सरळ घुमीच्या हातात कोंबला.

"थांबा!"

तो आवाज आपला आहे हे घुमीलाही कळलं नाही.

"थांबा! घरात माणूस आहे! त्या उघड्या खिडकीपाशी! एक आजी आहेत, त्यांना दमा आहे, त्यांना ऐकू येत नाही! धूर सोडू नका!"

शिट्टी वाजली नाही. पण सर्वांत पुढच्या उतावळ्या जवानाने धुराच्या गोळ्याची कळ आधीच ओढली होती! गोळा फुसफुसायला लागला. क्षणभर तो घराकडे बघत राहिला, मग गर्रकन वळला आणि त्याने तो मोकळ्या मैदानात जमेल तितका लांब भिरकावून दिला. पांढऱ्या धुराचा लोट मैदानाच्या मधोमध उठला.

दोन जवान घरात शिरले. सगळा मांडव उठून उभा राहिला. नाटक्यासुद्धा बेशुद्धी विसरून उठून बसला होता. आत्याच्या लक्षात आलं, पण तिला त्याचा कान पिळायचंही सुचलं नाही.

मग दार उघडलं. दोघा जवानांच्या मधून, काठी टेकत, आजी बाहेर आल्या. धुराकडे बघून त्या खोकल्या आणि रागावून म्हणाल्या, "काय हो, मी मागच्या दाराने जाऊन खिडकी बघतेय तोवर कार्यक्रम संपला का? मला कुणी सांगितलं कसं नाही?"

कमांडंटसाहेब मांडवात आले. "घर शेवटचं कधी तपासलं?"

"सकाळी, साहेब," हवालदारकाका म्हणाले. त्यांच्या मिशा खाली झुकल्या होत्या. "आणि मोजणीत... ड्रायव्हर धरला गेला, साहेब."

"चूक तुमची तशी माझीही. सुरू करायच्या आधी पुन्हा बघायला मी सांगायला हवं होतं." साहेबांनी माईक घेतला. "मंडळी, आज हल्ला आम्ही दाखवणार होतो. पण डोळे उघडे ठेवायचे, डोकं चालवायचं आणि वेळेवर तोंड उघडायचं हे या तीन मुलांनी आम्हाला दाखवलं! यांच्यामुळे आज एक जीव वाचला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. हवालदारकाकांनी खाडकन टाचा जुळवून तिघांना सलाम ठोकला. आत्याने तिघांना एकदमच कवेत घेतलं. "मी ऐकायला हवं होतं गं तुझं," ती घुमीला म्हणाली.

"बोला, काय बक्षीस देऊ?" साहेबांनी विचारलं.

"जीपमधून चक्कर!" नाटक्या आणि टकळी एका सुरात ओरडली. दोघांना घेऊन जीप धुरळा उडवत निघाली. घुमी मात्र चढली नाही.

"तुला काय हवं?"

"शिपाई झोपतात ती जागा बघायची आहे. खरी. आत्ता वापरात असलेली."

साहेब म्हणाले, "चल." घुमीने आजींचा हात धरला.

नवी बराक लांबट होती आणि आत कमालीची शांतता होती. दोन्ही बाजूंना खाटांच्या रांगा, प्रत्येक खाटेवर चारी कडा ओढून बसवलेलं घोंगडं. खाटेखाली ट्रंक, भिंतीला खिळा, खिळ्याला टॉवेल. टोकाच्या खाटेवर एक शिपाई पायमोजा शिवत बसला होता. साहेबांना बघून तो ताडकन उठला.

"बस, बस. हिला काही विचारायचं असेल तर सांग," साहेब म्हणाले आणि दाराशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले. आजी एका खाटेच्या कडेवर बसल्या. घोंगड्यावरून त्यांचा हात हळूहळू फिरत राहिला.

घुमीने विचारलं, "काका, तुम्हाला इथे करमतं?"

शिपायाने साहेबांच्या पाठीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "दिवसभर काम असतं. तेव्हा करमतं."

"आणि मग?"

"मग नाही करमत."

"तेव्हा काय करता?"

"घरी आत्ता काय चाललं असेल ते मनाशी बघतो. आई ओट्यापाशी असेल. मुलगी दाराच्या कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसली असेल."

"आणि ती त्या कोपऱ्यात नसली तर? दुसरीकडेच गेली असली तर?"

शिपाई हसला. "तरी मी तिला तिथेच बसवतो."

बाहेर जीप परत आल्याचा आवाज झाला, टकळी तिला हाका मारायला लागली. "आले, आले!" तिने ओरडून सांगितलं, पण ती लगेच निघाली नाही. ती खाटांच्या रांगेतून हळूहळू चालत गेली. खिळा पाहिला, टॉवेल पाहिला, ट्रंकेवरचा पत्र्याचा मग पाहिला, उशीला पडलेला डोक्याएवढा खळगा पाहिला. एकेक वस्तू तिने नीट, घाई न करता बघून घेतली, डोळे मिटल्यावर बाबांभोवती मांडायला.